कडाक्याच्या थंडीत कॅम्परमधली पाण्याची लाइन गोठू नये म्हणून काय करता?

रानोमाळ
नमस्कार मंडळी. यंदाच्या हिवाळ्यात कॅम्पर (राहण्याची सोय असलेलं फिरतं घर) झाकून ठेवायचा नाही, त्यातच काही आठवडे मुक्काम ठोकायचा असं घरात ठरलंय. गाडीमागे ओढायचा ट्रेलर आहे, खालून प्लास्टिकच्या पत्र्याने बंद केलेला. पाइप पेक्सचे (लवचीक प्लास्टिकचे). जागेवर वीज मिळेल आणि पाण्याचा नळही. रात्री पारा उणे १०-१२ पर्यंत उतरतो, दिवसा शून्याच्या आगेमागे.
माझा बेत असा : पाइपांवर फोमच्या नळ्या चढवायच्या, विजेवर गरम होणारा होज (नळापासून कॅम्परपर्यंतची लवचीक नळी) घ्यायचा आणि आत विजेचा हीटर चोवीस तास चालू ठेवायचा. गॅसची फर्नेस (गरम हवा सोडणारी भट्टी) आहे, पण वीज असताना गॅस का जाळा? एवढ्यावर भागेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पक्कड_पाना
होज आणि फोमचं नंतर बघू, आधी त्या विजेच्या हीटरबद्दल.
तुमची पाण्याची लाइन तुम्ही बसता त्या खोलीत नाहीये. ती फरशीखाली, पंपाच्या कप्प्यात, सिंकखालच्या कपाटामागे आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून गेलीय. बंद तळाच्या बऱ्याच ट्रेलरमध्ये फर्नेसच्या गरम हवेचा एक फाटा या तळकप्प्यात सोडलेला असतो. टाक्या आणि पाइप त्याच हवेवर जगतात. तुम्ही आत विजेचा हीटर लावला की खोली छान उबदार होते, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला वाटतं सगळं आलबेल आहे आणि फर्नेस पेटतच नाही. वर वीस अंश, खाली बर्फ. हिवाळ्यात फुटणाऱ्या लाइनींमागे हे कारण फार वेळा सापडतं.
ताकदीतही जमीनअस्मानाचा फरक आहे. असा हीटर साधारण दीड किलोवॅटचा, बऱ्याच ट्रेलरमधली फर्नेस सहा ते दहा किलोवॅटची.
हीटर लावूच नका असं म्हणत नाही. फर्नेसचा थर्मोस्टॅट हीटरच्या थोडा वर ठेवा, म्हणजे फर्नेस अधूनमधून पेटत राहील. रात्री तर मुख्य काम फर्नेसनेच करायला हवं, हीटर फक्त जोडीला. आणि तुमच्या ट्रेलरमध्ये तो फाटा खरंच आहे का, हे खालचं प्लास्टिक एका कोपऱ्यात सोडवून डोळ्यांनी बघा. माहितीपत्रकात ‘गरम तळ’ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात मनगटाएवढी एक नळी एका टोकाला सोडून दिलेली असते. पलीकडच्या टोकाला तिचा काही उपयोग नाही.

खोगीरभरती
घरात नळाला गरम पाणी येतं. आम्ही तिथेच कॅम्पिंग करतो. 😀

वॉट_व्होल्ट
पक्कड_पाना यांच्याशी सहमत. फोमच्या नळ्यांबद्दल थोडं गणित मांडतो.
गोधडी पांघरली की ऊब लागते ती आपल्या अंगाची. पाइपाला अंगची ऊब नाही. त्यामुळे फोम गोठणं लांबवतो, थांबवत नाही. किती लांबवतो? अर्ध्या इंची पेक्सच्या एका मीटरमध्ये जेमतेम १२० मिलिलिटर पाणी मावतं. ते शून्य अंशावर आलं की त्याचा पूर्ण बर्फ व्हायला फक्त ४० किलोज्यूल उष्णता निघून जावी लागते, म्हणजे ११ वॉट-तास. एवढी उष्णता एका रात्रीत सहज जाते. उलट शंभर लिटरची भरलेली टाकी पूर्ण गोठायला ३३ हजार किलोज्यूल, म्हणजे नऊ युनिटांहून जास्त ऊर्जा बाहेर जावी लागेल. म्हणून टाकी तगते आणि तिच्यातून निघणारी बारीक नळी आधी गोठते.
याचे दोन अर्थ. टाकी भरलेली ठेवा, तोच तुमचा उष्णतेचा साठा. आणि फोमच्या आत उष्णतेचा काहीतरी उगम हवा : गरम हवा, हीट टेप (पाइपाला लावायची विजेवर तापणारी पट्टी) किंवा फिरतं पाणी.
वाऱ्याचंही सांगून टाकतो. वारा पाइपाला हवेपेक्षा थंड करू शकत नाही, ‘जाणवणारं तापमान’ हे आपल्या कातडीपुरतं. पण उष्णता पळवण्याचा वेग तो खूप वाढवतो. म्हणून ट्रेलरच्या चारी बाजूंनी जमिनीपर्यंत स्कर्टिंग (आडोसा) लावणं हा सगळ्यात परिणामकारक उपाय, असं माझं ठाम मत आहे. फोमचे जाड पत्रे, ताडपत्री, काहीही चालेल, मात्र कडा बंद हव्यात. बर्फ पडत असेल तर तोच बाहेरून रचून ठेवा, तोही चांगला उष्णतारोधक आहे. फक्त फर्नेसचं धुराडं आणि हवेची तोंडं कुठल्याही परिस्थितीत झाकू नका.

एकटीच_भटकते
वेगळं मत मांडते. पाइपात पाणी ठेवायचंच कशाला?
मी हिवाळ्यात लाइन पूर्ण रिकामी करते, त्यात गुलाबी अँटिफ्रीझ (सहजी न गोठणारं द्रावण) भरते आणि पाणी कॅनमधून वापरते. पिण्याचं, स्वयंपाकाचं, हातपाय धुवायचं पाणी कॅनमध्ये, कॅन खोलीत. सिंक वापरते, पण सांडपाण्याच्या टाकीत आधीच थोडं अँटिफ्रीझ ओतलेलं असतं. टॉयलेट फ्लश करायलाही तेच. रात्री पारा कुठे जातो याची फिकीर नाही, झोप शांत लागते.
हे अँटिफ्रीझ प्रोपिलिन ग्लायकॉलचं हवं. गाडीच्या रेडिएटरमधलं बहुधा इथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि ते विषारी आहे, पाण्याच्या लाइनीत कधीच नको. अल्कोहोलवर आधारलेलंही मिळतं, पण ते रबरी सील कोरडे पाडतं आणि पेट घेऊ शकतं.

रानोमाळ
@एकटीच_भटकते, चार-पाच दिवसांसाठी पटतंय. पण आम्ही कुटुंबासह काही आठवडे राहणार. लहान मुलं आहेत, अंघोळी, भांडी, कपडे. कॅनवर निभणार नाही हो ताई.

एकटीच_भटकते
बरोबर आहे, तुमचं गणित वेगळं. तरी अँटिफ्रीझचे दोन-तीन कॅन जवळ ठेवाच. वीज गेली आणि गॅस संपत आला, तर लाइन रिकामी करून भरायला तासभर पुरतो. बाटलीवर उणे ४५ वगैरे छापलेलं बघून ते पाण्यात मिसळून वाढवू नका. तो आकडा पाइप न फुटण्याचा आहे. त्याच्या कितीतरी आधीच त्याचा चिखल होतो. त्यात लाइनीत राहिलेलं पाणी मिसळलं की संरक्षण आणखी घटतं, म्हणून प्रत्येक नळातून गडद गुलाबी रंग येईपर्यंत सोडायचं.

तिसरा_गिअर
एवढं कशाला? रात्री एक नळ बारीक सुरू ठेवायचा. वाहतं पाणी गोठत नाही. सोपा उपाय.

पक्कड_पाना
घरात ठीक आहे, कारण तिथे जमिनीखालच्या मुख्य लाइनीतून सतत त्यामानाने कोमट पाणी येत राहतं आणि सांडपाणी थेट गटारात जातं. कॅम्परमध्ये ते पाणी जाणार कुठे? मिनिटाला पाव लिटर धार धरली तरी आठ तासांत १२० लिटर. बऱ्याच सांडपाण्याच्या टाक्या त्याआधीच भरतात आणि पाणी शॉवरच्या तळातून वर येतं.
मग लोक टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतात. आता ती बारीक धार बाहेरच्या गार सांडपाण्याच्या होजमधून सावकाश वाहते आणि थरावर थर गोठत जाते. सकाळी आख्खा होज बर्फाने तुंबलेला.
सांडपाण्याच्या आणि मैल्याच्या दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह बंदच ठेवा. टाकी भरत आली की दुपारी, जरा ऊन असताना, एकदम रिकामी करा. होजला सलग उतार द्या, कुठे झोळ नको. काम झालं की होज काढून निथळून आत.

वॉट_व्होल्ट
@तिसरा_गिअर, नळ ठिबकत ठेवण्यामागचं शास्त्र मात्र खरं आहे, ते थोडं वेगळं आहे इतकंच.
पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्के वाढतं. लोकांना वाटतं जिथे बर्फ झाला तिथेच पाइप आतून ताणला जाऊन फुटतो. पुष्कळदा तसं होत नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो आणि तो बोळा व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो. मग त्या पट्ट्यात जे सगळ्यात कमजोर असेल ते जातं. ठिबकणाऱ्या नळामुळे तो दाब निघून जातो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने पोटमाळ्यातल्या उघड्या पाइपांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. बाहेरचा पारा साधारण उणे ७च्या खाली गेला की सावध व्हा, हा आकडाही त्यांचाच. पण तो घरांसाठी. कॅम्परच्या भिंती पातळ, म्हणून मी शून्यालाच सावध होतो.
पेक्स स्वतः थोडा फुगून परत आकसतो, त्यामुळे बहुतेक वेळा वाचतो. जातात ती फिटिंग, नळाच्या आतलं काडतूस (कार्ट्रिज), टॉयलेटचा व्हॉल्व्ह, पंपाचं डोकं, फिल्टरचं भांडं. ‘माझे पाइप पेक्सचे, मला काय होतंय’ या भरवशावर राहू नका.

उणे_चाळीस
होजबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी कडक हिवाळ्याच्या भागात वर्षानुवर्षं कॅम्परमध्ये काढली आहेत.
उणे १०-१२ म्हणजे मध्यम थंडी. तेवढ्यासाठी गरम होजची गरज नाही. टाकी भरून घ्या, होज काढा, निथळवा, गुंडाळून आत ठेवा आणि पंपावर चालवा. टाकी तळकप्प्यात असल्याने तीही गरम राहते. दोन-चार दिवसांनी परत भरायची.
तरी गरम होज वापरायचाच असेल तर खरी अडचण होजची नसून त्याच्या दोन टोकांची आहे. नळाकडचं टोक आणि कॅम्परमध्ये पाणी शिरतं ते तोंड, दोन्हीकडे दोन-चार इंच धातू उघडा राहतो. तिथे गोठलं की होज कितीही गरम असो, पाणी बंद. तिथे टेप आणि फोम दोन्ही लागतात. प्रेशर रेग्युलेटर होजच्या कॅम्परकडच्या टोकाला आणि शक्य असेल तर कप्प्याच्या आत लावा.
आणि जागेवरचा नळ कसला आहे ते विचारून घ्या. थंड भागात न गोठणारा उभा नळ असतो. त्याचा व्हॉल्व्ह जमीन गोठते त्या पातळीच्या खाली असतो, दांडा खाली केला की वरच्या नळीतलं पाणी तळाच्या भोकातून मातीत झिरपून जातं. पण होज लावलेलाच ठेवून नळ बंद केला तर आत हवा शिरत नाही, पाणी उतरत नाही आणि तो ‘न गोठणारा’ नळ गोठतो. मग जागेच्या मालकाशी बोलाचाली. नळ बंद करायचा तर आधी होज काढा. गरम होजवर सलग चालवायचं असेल तर नळ उघडाच ठेवून उभ्या नळीलाही टेप गुंडाळावी लागते.

रानोमाळ
भरपूर माहिती मिळाली, आभारी आहे. टाकी भरून पंपावर चालवायचं पटलं. हीट टेप लावताना काय बघायचं? आणि टाकीखाली लावायच्या गरम पट्ट्या घ्याव्यात का? सांडपाण्याच्या टाकीत मीठ टाकतात असंही ऐकलं.

वॉट_व्होल्ट
मिठाचा हिशेब करून बघा. दहा टक्के मिठाचं पाणी साधारण उणे साडेसहाला गोठायला लागतं. शंभर लिटरच्या टाकीला ते दहा-अकरा किलो मीठ झालं, तेही प्रत्येक वेळी टाकी रिकामी केल्यावर नव्याने. व्हॉल्व्हच्या धातूच्या भागांचं काय होईल ते वेगळंच. सोडून द्या.
हीट टेप दोन प्रकारची. एक सर्वत्र सारखीच तापते. ती स्वतःवरून आडवी गेली की त्या जागी जळते, प्लास्टिकवर तर जपून. दुसरी स्वनियंत्रित, गरम जागी आपोआप कमी वीज घेते, थंड जागी जास्त. कॅम्परला हीच घ्या. प्लास्टिक पाइपावर चालते असं वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलं हवं. वरून फोम चढवायची परवानगी आहे का तेही वाचा. थर्मोस्टॅटची घुंडी सगळ्यात थंड जागी पाइपाला चिकटवा. ती उबदार कप्प्यात राहिली तर टेप सुरूच होणार नाही. आणि विजेची गळती झाल्यास सर्किट तोडणाऱ्या सॉकेटवरच जोडा, कारण पाणी आणि वीज शेजारी आहेत.
टाकीच्या पट्ट्या बहुतेक १२ व्होल्टच्या, सात-आठ अंशांना सुरू आणि वीसच्या आसपास बंद होणाऱ्या. कामाच्या आहेत. पण रिकाम्या टाकीखाली चालवू नका, टाकीचं प्लास्टिक खराब होतं. विजेची जोडणी नसेल तर त्या रातोरात बॅटरी खातात.

पक्कड_पाना
यापेक्षा आधी एक गोष्ट घ्या : बिनतारी सेन्सरचे थर्मामीटर. एक पंपाजवळ, एक तळकप्प्यात फर्नेसपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, एक सिंकखाली मागच्या भिंतीला. आकडे दाखवणारा पडदा उशाशी. मग कुठे टेप हवी आणि कुठे नको याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. खालच्या कोपऱ्यात चार अंशांखाली गेलं की हालचाल करायची.
पूर्वी लोक पंपाच्या कप्प्यात साठ वॅटचा जुना बल्ब लावून ठेवत. उपाय फक्कड होता, पण हल्लीच्या एलईडीने ते काम होत नाही.

सायंप्रवासी
आमचा व्हॅनमध्ये बांधलेला कॅम्पर आहे, ट्रुमा कॉम्बी हीटरवाला (खोली आणि पाणी दोन्ही तापवणारा). हिवाळ्यात गाडी उभी ठेवली की पाणी आपोआप खाली सांडून जातं. गळती म्हणावी का?

उणे_चाळीस
गळती नाही, ते राखणदाराचं काम चाललंय. त्या हीटरला फ्रॉस्टकंट्रोल नावाचा व्हॉल्व्ह असतो. आजूबाजूचं तापमान साधारण तीन अंशांखाली गेलं की तो स्वतः उघडतो आणि बॉयलरचं पाणी सोडून देतो. सात अंशांच्या वर गेल्याशिवाय बंद होत नाही. म्हणून आधी गाडी गरम करायची, मग व्हॉल्व्ह बंद करायचा, मग पाणी भरायचं. खिळा ठोकून तो बंद ठेवण्याचे सल्ले मिळतील, ऐकू नका. तो व्हॉल्व्ह जिथे आहे तो कप्पा रात्री उबदार राहील एवढं बघा.
अवांतर : युरोपात ईएन १६४६ नावाचं मानक आहे. त्यातल्या तिसऱ्या श्रेणीसाठी गाडी उणे १५ अंशांना थंड करतात, मग चार तासांत आत वीस अंश यावे लागतात आणि नंतर पाण्याची व्यवस्था चालावी लागते. ‘चारही ऋतूंसाठी’ अशा नुसत्या चिकटपट्टीपेक्षा विकत घेताना असं काही विचारलेलं बरं.

तिसरा_गिअर
नळाचं मागे घेतो. पण एक प्रश्न : समजा गोठलंच, तर?

पक्कड_पाना
आधी पंप बंद. मग गोठलेल्या लाइनीवरचा नळ उघडा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट राहील. केस वाळवायच्या ड्रायरने नळाकडून सुरुवात करून मागे मागे जा. कपाटांची दारं उघडी, फर्नेस पूर्ण. ब्लोटॉर्च, मेणबत्ती, शेगडी यातलं काही नको. प्लास्टिक वितळेल आणि आग लागायची ती वेगळीच.
पाणी सुरू झालं म्हणून खूश होऊ नका. बर्फाने फुटलेलं फिटिंग बर्फ असेपर्यंत गळत नाही. पंप सुरू करा, सगळे नळ बंद करा आणि ऐका. पंप अधूनमधून स्वतःच घरघरला तर कुठेतरी पाणी जातंय.
गीझर रिकामा केला असेल तर भरल्याची खात्री होईपर्यंत त्याचं विजेचं बटण दाबू नका, एलिमेंट क्षणात जळतं.

वॉट_व्होल्ट
गॅसचं राहिलं. प्रोपेन उणे ४२ला उकळतो, ब्युटेन मात्र उणे अर्ध्या अंशाला. मिश्र गॅसचं सिलिंडर असेल तर थंडीत प्रोपेन आधी निघून जातो आणि ब्युटेन तळाशी पाण्यासारखा पडून राहतो. सिलिंडर जड लागतं, फर्नेस मात्र विझते. हिवाळ्यात निव्वळ प्रोपेन, दोन सिलिंडर आणि आपोआप बदलणारा रेग्युलेटर. सहा ते दहा किलोवॅटची फर्नेस सलग चालली तर तासाला अर्धा ते पाऊण किलो गॅस जातो, त्यावरून काढा किती रात्री पुरेल.
फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो, सात-आठ अॅम्पिअर घेतो. वीज गेली तर जुनी बॅटरी पहाटेपर्यंत टिकत नाही. उतरलेली लेड-अॅसिड बॅटरी उणे १०च्या आतच गोठू शकते. लिथियम असेल तर शून्याखाली ती चार्ज करायची नाही, आत ठेवा.
आणि उघड्या ज्योतीचे बिनधुराड्याचे हीटर ऊब देतात, पण एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ खोलीत सोडतात. भिंती ओल्या होतात. कार्बन मोनॉक्साइडचा धोका त्याहून मोठा. अलार्म चालू आहे ना, बघा.

रानोमाळ
थर्मामीटर लावून घराजवळच एक रात्र चाचणी घेतली. टाकी भरून, होज काढून, रात्रभर फर्नेस. स्कर्टिंग अजून नाही. बाहेर उणे ९. आत १९, पंपाजवळ ११, तळकप्प्यात लांबच्या कोपऱ्यात ५. एवढ्यात समाधान होतं, पण स्वयंपाकघराच्या सरकत्या भागात (मुक्कामाला बाहेर सरकवून जागा वाढवतात तो) सिंकखाली फक्त १! फर्नेसचा फाटा तिथे पोचत नाही. काय करावं?

उणे_चाळीस
सरकत्या भागाचं हेच दुखणं असतं. तो भाग मुख्य तळाच्या बाहेर लोंबतो, त्यामुळे खालची गरम हवा त्याला मिळत नाही. पाइप खालून लवचीक वळसा घेऊन वर जातो, बहुधा उघडाच. खाली वाकून बघा. स्वनियंत्रित टेप कुठे लावायची असेल तर ती इथे, पण वळसा सरकताना टेप ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवून. स्कर्टिंगही त्या भागाला वळसा घालून लावा, सरळ रेषेत नाही. तोवर रात्री सिंकखालचं दार उघडं आणि कपाटात तोंड करून एक छोटा पंखा. खोलीची हवा मागच्या भिंतीपर्यंत जायला हवी, भांड्यांनी कोंडलेल्या कपाटात ती जात नाही.

पक्कड_पाना
त्या सिंककडे जाणाऱ्या पाण्याच्या लाइनीला वेगळा बंद करायचा व्हॉल्व्ह आणि निचऱ्याची तोटी बसवता आली तर उत्तम. फार थंड रात्री तेवढी शाखा रिकामी करायची, भांडी बाथरूमच्या बेसिनमध्ये. आणि बाहेरच्या भिंतीतला शॉवर बघितलात का? तो सगळे विसरतात. त्याच्यामागे दोन छोटे व्हॉल्व्ह आणि पाण्याने भरलेल्या दोन नळ्या, मध्ये फक्त प्लास्टिकचं दार. तळाशी बाहेर डोकावणाऱ्या निचऱ्याच्या दोन तोट्याही तशाच, त्यांना टोपी आणि फोम लागतो. शॉवरची शाखा आताच बंद करून निथळवा, हिवाळ्यात तिचं काय काम?